नसलेल्या विहिरीचं जलपूजन

गोडाऊनच्या दारावर 'छापखाना' अशी पाटी मी हौसेने लावली आणि पहिल्याच आठवड्यात एक गृहस्थ पेन ड्राइव्ह घेऊन आले. त्यांना कुणा भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स हवा होता. मी म्हटलं, आमच्याकडे फ्लेक्स होत नाही. मग काय होतं, असं त्यांनी सरळ विचारलं. मी त्यांना पायाने चालवायचं ट्रेडल मशीन दाखवलं, शिशाच्या खिळ्यांनी, म्हणजे छपाईच्या सुट्या अक्षरांनी, भरलेल्या लाकडी केसेस दाखवल्या, दोरीवर वाळत घातलेली लिनोची चित्रं दाखवली. त्यांनी सगळं नीट पाहून घेतलं.

"आन् ह्याच्यावर फोटू?"

"फोटो येत नाही. अक्षरं येतात. चित्र हवं तर हाताने कोरायचं."

"रंग किती?"

"एका वेळी एकच."

ते दारापर्यंत गेले, परत फिरले आणि घरच्या माणसाला विचारावं तसं हलक्या आवाजात म्हणाले, "मंग बाई, तुमचं भागतं कसं?"

मी पाटी बदलून 'छपाईकला कार्यशाळा' अशी केली. तेव्हा बचत गटातल्या दोघी साडीवर ठसे मारायला शिकायचं म्हणून आल्या. आता दारावर पाटीच नाही. आळे गावात मला 'उलटी अक्षरं शिकवणाऱ्या बाई' म्हणतात, आणि खरं सांगायचं तर माझ्या कामाचं याहून नेमकं वर्णन मलाही सुचलेलं नाही.

पुण्यातल्या एका कला महाविद्यालयात मी बरीच वर्षं मुद्राचित्रण शिकवलं. म्हणजे लाकडावर, रबरासारख्या मऊ लिनोवर किंवा धातूच्या पत्र्यावर चित्र कोरायचं, शाई लावायची आणि कागदावर उतरवायचं. निवृत्तीच्या सुमाराला नारायणगावातला एक जुना छापखाना मोडीत निघत होता. त्याचं ट्रेडल आणि खिळे मी घेतले. पुण्याच्या फ्लॅटमध्ये ते मावणार नव्हते. ते मशीन ज्यांनी आयुष्यभर चालवलं ते रघुनाथभाऊ म्हणाले की आळ्याला सोपानदादांचं गोडाऊन रिकामं पडलंय. अशी मी इथे आले. रघुनाथभाऊही मशीनच्या मागोमाग आले, ते अजून आहेत.

वर्ग चार-पाच दिवसांचा असतो. पुण्या-मुंबईची मंडळी येतात, अधूनमधून जवळपासचे शिक्षक येतात. पहिला दिवस गोंधळातच जातो. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं, ते आरशात पाहिल्यासारखं. ओळ लावताना ते डोक्यावर उभं करायचं, पण ओळ मात्र नेहमीसारखी डावीकडून उजवीकडेच जायची. माणसं वाकून वाकून बघतात, मान तिरपी करतात. 'म'चा 'भ' होतो, काना शब्दाच्या भलत्या बाजूला जातो. एका बाईंनी स्वतःचं नाव चार वेळा लावलं आणि चारही वेळा ते वेगळंच छापलं गेलं. त्या म्हणाल्या, आता मलाच शंका यायला लागली आहे.

त्यातून आमच्याकडे 'ळ' कमी. छापखाना विकणाऱ्याने बहुतेक एक पुडकं कुठे तरी हरवलं होतं, आणि गाव आमचं आळे. ज्याला त्याला 'मु. पो. आळे' छापायचं असे. मग मी दुसऱ्या एका बंद पडलेल्या छापखान्यातून थोडे 'ळ' आणले. ते मापाला बसत होते, पण जरा जाड होते. त्यामुळे आमच्या छपाईत आळे हे गाव मध्येच आवाज चढवून बोलल्यासारखं दिसतं.

आता मूळ हकिगत.

खिळे जुळवण्याचा सराव म्हणून मी प्रत्येकाला एक निमंत्रणपत्रिका करायला सांगते. कार्यक्रम मनाचा घ्यायचा, न होणारा. पण पत्रिका मात्र पुरी हवी. नाव, गाव, तारीख, वार, वेळ, 'आग्रहाचे निमंत्रण', सगळं. त्याने माणूस मोठी अक्षरं, लहान अक्षरं, मधली जागा, चौकट, सगळं शिकतो. कुणी मांजराचं बारसं करतं, कुणी स्वतःच्याच निवृत्तीचा सत्कार करतं.

त्या हिवाळ्यातल्या वर्गात सोपानदादांची सून वैशाली बसली होती. बी. ए. झालेली, हाताने चलाख. घरचं काम आटोपून ती दुपारी यायची आणि पुण्याच्या मंडळींच्या आधी तिची ओळ लागलेली असायची. तिने पत्रिका केली ती अशी: 'आमच्या येथे श्रीकृपेकरून नवीन विहिरीस पाणी लागल्याप्रीत्यर्थ जलपूजन व स्नेहभोजन', खाली पुढच्या एका रविवारची तारीख, दुपारची वेळ, आणि निमंत्रक म्हणून सासऱ्यांचं नाव.

"विहीर कुठून सुचली?" मी विचारलं.

"मामंजी रोज विहिरीचंच बोलतात मॅडम. खणू खणू म्हणतात, खणत काही नाहीत. म्हटलं आपण निदान छापून तरी टाकावी."

आम्ही हसलो. पत्रिका इतकी नीट आली होती की रघुनाथभाऊंनी तिच्या बऱ्याच प्रती काढल्या. जुन्नरला पूर्वी हातकागद बनायचा, त्या आठवणीने मी थोडा जाड हातकागद मागवून ठेवला होता, त्यावर काढल्या. वाळल्या, गठ्ठा बांधला, फळीवर ठेवला. वर्ग संपला, मंडळी गेली. मी खिळे परत केसमध्ये भरले आणि विषय विसरले.

मग तो रविवार आला. पत्रिकेतला रविवार होता हे माझ्या डोक्यातही नव्हतं. मी गोडाऊनमध्ये मशीनचे शाईचे रूळ पुसत होते. पलीकडे अंगणात सोपानदादा, त्यांच्या पत्नी हिराबाई आणि वैशाली कांदा निवडत बसले होते. थोड्या वेळाने वैशाली धावत आली.

"मॅडम, जरा बाहेर या. आत्या आल्यात."

"कोण आत्या?"

"मामंजींच्या बहीण. घोडेगावच्या. त्या येत नाहीत आमच्याकडे."

एवढं मला ठाऊक होतं. कौसाबाई सोपानदादांची धाकटी बहीण, लग्न होऊन आंबेगाव तालुक्यात घोडेगावजवळ गेलेली. वडील गेल्यावर बहिणींनी हक्क सोडल्याची सही करायची असते, तशी ती करेना. जुन्या विहिरीजवळच्या तुकड्यात मला वाटा हवा म्हणाली आणि जुन्नरच्या कोर्टात दावा लावला. तेव्हापासून जाणं-येणं बंद. वैशालीच्या लग्नालाही तिला बोलावणं नव्हतं. सोपानदादा तिचं नाव घेत नसत. घ्यावंच लागलं तर 'समोरची पार्टी' म्हणत.

मी बाहेर गेले तेव्हा समोरची पार्टी अंगणात उभी होती. ठेंगणी, सावळी बाई. डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी. पिशवीतून नारळाची शेंडी आणि नव्या टोपीचा काठ दिसत होता. कांद्याच्या ढिगाच्या अल्याड ती, पल्याड भाऊ. कुणीच बसा म्हटलेलं नव्हतं.

"कुनी बोलावलं तुला?" सोपानदादा म्हणाले.

कौसाबाईंनी पिशवीतून पत्रिका काढून पुढे केली. "तुजंच नाव हाय खाली."

दादांनी चष्मा लावला. एकदा वाचली, उलटी करून मागची बाजू पाहिली, पुन्हा वाचली. "म्या न्हाई छापली."

"मंग कुनी छापली?"

"ते तुलाच ठावं. वकिलानं शिकवलं का आता ह्ये? घरात घुसायचं?"

"माझा वकील विहिरी छापत न्हाई, दादा."

दादांनी ती पत्रिका माझ्याकडे दिली, जसं काही छापील कागदाचा न्याय माझ्याकडेच होता. बघायची गरज नव्हती. 'मु. पो. आळे' मधला तो जाडा 'ळ' मला लांबूनच दिसला. मी म्हटलं, ही आमच्याकडची आहे. सरावासाठी केलेली. कार्यक्रम खरा नाही. ती कशी बाहेर गेली हे मला माहीत नाही.

मला वाटलं होतं, खरं सांगितल्यावर गुंता सुटेल. तो आणखीच आवळला. वैशालीचा चेहरा पडला. सोपानदादा तिच्याकडे बघायला लागले. आणि कौसाबाई, ज्या इतका वेळ ताठ उभ्या होत्या, त्यांचा आवाज एकदम खाली आला.

"म्हंजी विहीर न्हाई," त्या म्हणाल्या. "आन् बोलावनं बी न्हाई."

त्यांनी पत्रिका माझ्या हातातून परत घेतली, घडी न करता पिशवीत ठेवली आणि वळल्या. त्या क्षणी मला त्यांना थांबवावंसं वाटत होतं, पण कोणत्या नात्याने थांबवू ते कळेना. हिराबाई उठल्या होत्या, पण नवऱ्याकडे बघून जागीच उभ्या राहिल्या. त्यांच्या हातात एक कांदा होता, तो त्या नुसता फिरवत होत्या.

एवढ्यात रस्त्यावर जीपचा हॉर्न वाजला आणि ओतूरचे साडू, म्हणजे हिराबाईंच्या बहिणीचे यजमान, बायको-लेकांसकट उतरले. त्यांच्या हातात झेंडूचा मोठा हार होता. मागच्या सीटवरून गावातलेच दोन म्हातारे उतरले, ते फाट्यावर भेटले म्हणून त्यांनाही जीपमध्ये घेतलं होतं. त्यांच्याही खिशात पत्रिका.

"काय राव," साडू लांबूनच म्हणाले, "विहीर खनली आन् पत्ता लागू दिला न्हाई. पानी किती फुटाला लागलं?"

मी सोपानदादांकडे पाहिलं. खोटं बोलणं या माणसाला जमत नाही. गोडाऊनचं पत्र्याचं छप्पर गळतं हे त्यांनी मी राहायला यायच्या आधीच दोनदा सांगितलं होतं. मला वाटलं, आता हे सगळं बोलून टाकणार. पण साडूंसमोर, हार घेऊन आलेल्या माणसांसमोर, आपल्या दारात बहीण परत निघालीय हे त्यांना दिसू द्यायचं नव्हतं. की आणखी काही होतं? मी इतकी जवळ उभी होते, तरी मला ते सांगता येणार नाही.

"लागलंय की पानी," सोपानदादा म्हणाले. "आधी बसा. चहा-पानी घ्या." आणि मग, मान न वळवता, "कौसा, आत जा. वयनी एकटी हाय, तिला हातभार लाव."

कौसाबाई पिशवी धरून उभ्याच राहिल्या. साडूंच्या पत्नी म्हणाल्या, "अगंबाई, कौसाताई बी आली का? लई बरं झालं." त्यावर कौसाबाईंना काही करता येईना. त्या आत गेल्या.

पुढचा तास-दीड तास मी त्या घरात मसालेभाताचे कांदे चिरले. घर मधल्या काळात बदललं होतं. कौसाबाई मिठाला हात घालायला गेल्या तिथे आता फ्रिज होता. चुलीच्या जागी नळ होता. त्या प्रत्येक वेळी चुकून थांबायच्या आणि हिराबाई हवी ती वस्तू पुढे करायच्या. बराच वेळ दोघींचं बोलणं फक्त 'तेल' आणि 'हळद' एवढंच होतं. मग लापशीच्या गुळावरून दोघींत वाद झाला. कौसाबाई म्हणाल्या, आई याच्यापेक्षा जास्त घालायची. हिराबाई म्हणाल्या, "वन्सं, आता तुमच्या भावाला साखर हाय. डाक्टरनं गोड बंद केलंय."

"कवापासनं?"

"झाली की आता दोन-तीन वर्सं."

कौसाबाई गुळाचा खडा हातात धरून उभ्या राहिल्या. "मला कुनी सांगितलं न्हाई," म्हणाल्या. कोर्टात त्यांना समोरच्या पार्टीची सगळी कागदपत्रं मिळत होती, पण ही गोष्ट त्यात आली नव्हती.

बाहेर साडूंना धीर नव्हता. "आधी विहीर, मंग पंगत," म्हणत होते. सोपानदादा उठले, टोपी नीट केली आणि चालू लागले. त्यांच्या मागे आम्ही सगळे, हार, नारळ, हळदकुंकू घेऊन. बांधाबांधाने ते आम्हाला थेट जुन्या विहिरीवर घेऊन गेले. त्याच, जिच्या काठाच्या तुकड्यावरून दावा चालू होता.

साडूंनी आत डोकावून पाहिलं. "साडूभाऊ, ही तर जुनीच हाय."

"गाळ काढलाय," सोपानदादा म्हणाले. "पानी वाढलंय."

गाळ काढलेला नव्हता. काठावर ओला चिखल नाही, ढीग नाही, काही नाही. हे मला दिसत होतं तसं साडूंनाही दिसत असणार, ते जन्मभर शेती करणारे. पण त्यांनी पाण्याकडे पाहिलं, कौसाबाईंकडे पाहिलं, आणि म्हणाले, "हां, वाढलंय खरं." दोन्ही म्हाताऱ्यांनीही माना डोलावल्या. तिथे कोणाला काय ठाऊक होतं आणि कोण काय समजून गप्प होतं, याचा मी अजूनही हिशोब लावते आहे.

"पूजा माहेरवाशिणीनं करायची," हिराबाई म्हणाल्या.

कौसाबाईंनी पिशवीतून खण काढला, नारळ काढला. हळदकुंकू पाण्यावर टाकलं, ओटी सोडली. नारळ सोपानदादांनी फोडला. खण पाण्यावर थोडा वेळ तरंगला, मग भिजून एका बाजूला कलला.

"धाकली आसताना ह्यात माझी कळशी पडली व्हती," कौसाबाई म्हणाल्या. कुणाला उद्देशून ते कळलं नाही.

"आजून आतच आसंल," सोपानदादा म्हणाले.

जेवणं झाली. साडूंनी मासवडी नाही म्हणून थोडी कुरकुर केली आणि भात तीनदा घेतला. जाताना त्यांनी कौसाबाईंना जीपमध्ये घेतलं, आळेफाट्यावर एसटीला सोडतो म्हणाले. नवी टोपी कौसाबाईंनी ओसरीवर ठेवली होती. भावाच्या हातात दिली नाही, आणि परतही नेली नाही. निरोप घेताना कुणी क्षमा मागितली नाही, कुणी रडलं नाही. मला सिनेमातल्यासारखं काहीतरी होईल असं वाटत होतं. तसं काहीच झालं नाही. सगळे पुन्हा कांदा निवडायला बसले.

पत्रिका पाठवली कुणी, हे मी शोधायचं ठरवलं. फळीवरचा गठ्ठा सैल झालेला होता, बऱ्याच प्रती कमी होत्या. वैशालीला विचारलं. तिने देवाची शपथ घेऊन नाही म्हटलं. ती इतकी घाबरलेली होती की माझा विश्वास बसला. रघुनाथभाऊंना विचारलं. ते म्हणाले, "छापनं माझं काम, वाटनं न्हाई." पुण्याच्या मंडळींना फोन केले. ते सगळे मनापासून हसले आणि पुढच्या वर्गाची तारीख विचारू लागले. कौसाबाईंना पत्रिका हेल्मेट घातलेल्या कुणी दुचाकीवाल्याने आणून दिली होती. साडूंना ती दुधाच्या गाडीतून आली होती. या दोन गोष्टी एकाच माणसाच्या वाटत नव्हत्या.

काही महिने गेले. पत्रिकेवरून दादा रागावतील ही भीती घरातून गेली, तसं मग मला वेगळंच ऐकू यायला लागलं. एकदा हिराबाई पापड वाळत घालताना सहज म्हणाल्या, "बाई, त्या दिशी म्याच धाडल्या व्हत्या त्या." मी विचारलं, कुणाबरोबर? तर म्हणाल्या, "व्हतं एक मानूस." रघुनाथभाऊंनी पुढच्याच वर्गात नव्या मंडळींना सांगितलं की त्यांनी स्वतः मोटरसायकलवरून घोडेगावला जाऊन पत्रिका दिली. त्यांच्याकडे मोटरसायकल नाही. वैशालीला मी हे सांगितलं तेव्हा ती हसली, खाली बघत म्हणाली, "असं म्हणतात होय ते?" आणि खिळे भरू लागली. त्या रविवारी अंगणात पत्रिका कुणाचीच नव्हती. आता ती तिघांची आहे. मी वर्गात अजूनही खोट्या पत्रिका करून घेते, पण माणसांची खरी नावं घालू देत नाही आणि गठ्ठा कुलपात ठेवते. त्याने काय साधतं, ठाऊक नाही.

मला खऱ्या गोंधळात टाकलं ते सोपानदादांनी. मी धरून चालले होते की आता दावा मिटेल. परवा ते गोडाऊनमध्ये आले, रद्दी कागद मागायला. बोलता बोलता समजलं की केस चालूच आहे. दोघंही तारखेला जुन्नरला जातात. ते आळ्याहून, ती घोडेगावहून. कोर्टाच्या आवारात झाडाखाली बसतात. हिराबाई दोघांचं जेवण एकाच डब्यात देतात. आत पुकारा झाला की उठून दोन बाजूंना उभे राहतात आणि पुढची तारीख पडली की बाहेर येऊन डबा उघडतात. काम लवकर संपलं तर लेण्याद्रीला जातात. पायऱ्या दोघांनाही झेपत नाहीत, म्हणून खालूनच हात जोडतात आणि परत येतात.

"दादा," मी म्हटलं, "मग आता केस मागे घ्यायला सांगा ना त्यांना. नाही तर तुम्हीच तो तुकडा देऊन टाका. इतकं सगळं नीट झालंय तर."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू गुंता मीच घालते आहे.

"केस मिटली तर कौसा जुन्नरला कशाला यील?"

"अहो, घरी बोलवा की."

"कशाला म्हनून बोलवू?" ते म्हणाले. त्यांना खरंच माहीत नव्हतं. थोडा विचार केला, तरी सापडेना. मग त्यांनी रद्दीचा गठ्ठा काखेत घेतला आणि दारातून म्हणाले, "येत्या मंगळवारी हाय तारीख. हिरा शेंगोळी करून देनार हाय. कौसाला लई आवडती."